राखून ठेवलेला रुसवा

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आमची शाळा सकाळची असते. खिचडीची पंगत उठत होती, मी दारात उभी राहून कोणाच्या ताटात काय उरलं ते बघत होते आणि फोन वाजला. तो नंबर मी नऊ वर्षांपूर्वी रागाने पुसून टाकला होता; पण पुसलेले नंबर पाठ असतात, हे अशाच वेळी कळतं. नितीन मला सहसा फोन करत नाही. काही सांगायचं असलं तर आमच्या लेकीला, सईलाच करतो. "बाई गेली," तो म्हणाला. "सकाळी उठवाले गेलो, तं उठलीच नाई." घटस्फोट झालेल्या नवरा-बायकोने एकमेकांचं सांत्वन कसं करायचं, ते कोणी शिकवलेलं नसतं. शेवटी मी विचारलं, "केव्हा नेणार?" तो म्हणाला, "चारले. ऊन उतरू देऊ. तू... पाय, तुले जमते तं." मी मुख्याध्यापकांकडे रजेचा अर्ज लिहायला बसले. 'कारण' या शब्दापुढे कोण वारलं ते लिहावं लागतं. पेन हातात धरून मी बराच वेळ बसले. सासू लिहावं, तर कोर्टाचा निकाल कपाटात आहे. 'कोणीच नाही' लिहावं, तर डोळे ऐकत नव्हते. शेवटी 'मुलीची आजी' असं लिहिलं आणि सईला घेऊन अकोल्याची गाडी धरली.

बाईंचं नाव वत्सला. पण अकोल्याच्या डाबकी रोडवरच्या त्या गल्लीत त्यांना नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. तीस वर्षं अंगणवाडी चालवली, नवरा लवकर गेला, एकुलत्या नितीनला वाढवलं. अर्ध्या गल्लीला त्यांनी कधी ना कधी वजनकाट्याला लटकवलेलं होतं. बाजारात मिशीवाले बाप्ये पुढे येऊन 'नमस्कार बाई' म्हणायचे आणि बाई त्यांच्या बायकोसमोर सांगायच्या, "याचं वजन काही केल्या भरे नाई. आता पाय!" बोलणं रोखठोक, मन मोकळं. मला बघायला आल्या तेव्हा माझ्या आईने घाबरत घाबरत सांगितलं, पोरीचा स्वभाव थोडा तापट आहे. बाई म्हणाल्या, "बरं हाय. माहा पोरगा मुका हाय. एक जन तं बोलनार घरात पाह्यजे."

आमचं लग्न अमरावतीला झालं. आईच्या डोक्याला एकच काळजी होती, विहिणीच्या रुसव्याची. आमच्याकडे लग्नात वरमायने रुसायचं असतं. ती भर मांडवात तोंड फिरवून बसते, मग मुलीकडच्यांनी तिची समजूत काढायची, लुगडं द्यायचं, हातापाया पडायचं, तेव्हा कुठे ती हसते आणि पंगतीला येते. हा तिचा हक्कच. आईने त्यासाठी एक जरीचं लुगडं वेगळं काढून ठेवलं होतं. पण बाई रुसल्याच नाहीत. मांडव सोडून आचाऱ्याजवळ जाऊन बसल्या, म्हाताऱ्या माणसांना गरम वाढता की नाही हे बघत. आईला हायसं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. एवढी तयारी फुकट गेली.

लग्न मोडलं, त्यात खलनायक कोणी नव्हता. नितीन डाळ मिलमध्ये सुपरवायझर, माझी शाळा अमरावतीजवळच्या गावात. सोमवार ते शुक्रवार मी सईला घेऊन आईकडे, शनिवारी अकोल्याला. दोन्हीकडे पाहुणी. त्याचं म्हणणं, नोकरी सोड. माझं म्हणणं, तुम्हीच या अमरावतीला. तो अबोला धरायचा, आठ आठ दिवस. आणि मी बोलायची, आठ दिवसांचं एका दमात. त्याचा अबोला आणि माझी जीभ, दोघांचाही गुन्हा सारखाच होता, हे आज लिहिता येतं. तेव्हा कोणी असं म्हटलं असतं तर मी त्याला दाराबाहेर काढलं असतं. एका रविवारी मी पाच वर्षांच्या सईला, तिच्या बाहुलीला आणि चार कपड्यांना घेऊन निघाले. बाई फाटकापर्यंत आल्या. "जायचं तं जा वो शुभा, पन जेवून जा. रागात उपाशी जाऊ नोको." मी जेवले नाही. मागे वळूनही पाहिलं नाही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आम्ही दोघंही स्वतःला शहाणं समजूनच चढलो. मी अमरावतीच्या कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाचा आणि सईच्या ताब्याचा अर्ज टाकला. माझे वकील अनुभवी होते. "मॅडम, असं मोघम चालत नाही," ते म्हणाले. "मुलगी पाहिजे ना? मग तिकडचं घर तिच्यासाठी बरं नाही, हे दिसलं पाहिजे. काहीतरी ठोस सांगा." ठोस काय सांगणार? डोक्यात राग भरलेला. मला रविवारच्या सकाळी आठवल्या. रात्रीच्या उरलेल्या पोळ्या बाई हाताने बारीक चुरायच्या, कांदा-मिरची-शेंगदाण्याची खमंग फोडणी द्यायच्या, वरून लिंबू. कुस्करा. सईला तो इतका आवडायचा की पोळ्या उराव्यात म्हणून ती रात्री कमी जेवायची. मी वकिलांना एवढंच म्हणाले, "कधी कधी सकाळी रात्रीच्या पोळ्या द्यायच्या..." त्यांनी टाइप केलं: 'अर्जदाराची सासू अल्पवयीन मुलीस शिळे अन्न खाऊ घालीत असे, व त्यामुळे तिच्या प्रकृतीवर विपरीत परिणाम झाला.' मी ते वाक्य वाचलं. दोनदा वाचलं. आणि सही केली.

बाईंनी अर्जाची प्रत वाचली असणार. पुढच्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात त्या सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "व शुभा, कुस्कऱ्याले शिळं अन्न लेहलं व तू?" आवाजात राग नव्हता, नवल होतं. "पोट्टी मांगून खाये. तू बी तं खाल्ला, ताट पुसून." माझ्या वकिलांनी, विरुद्ध पार्टीशी बोलू नका, अशी खूण केली. मी मान फिरवली. बाई आपल्या बाकावर जाऊन बसल्या... ते वाक्य खोटं होतं. सईची प्रकृती कधीही बिघडली नव्हती. पुढे आमच्यात सगळं सुरळीत झालं, त्या माझ्या घरी येऊन जेवल्या, तरी त्या वाक्याची माफी मागायची राहून गेली. दरवेळी वाटायचं, पुढच्या खेपेला मागू. आता मागायला माणूस नाही म्हणून चारचौघांत मागते.

तात्पुरता ताबा माझ्याकडे राहिला आणि नितीनला दर पहिल्या-तिसऱ्या शनिवारी कोर्टातल्या मुलांच्या खोलीत सईला दोन तास भेटायची परवानगी मिळाली. भिंतीवर ससा रंगवलेला, एक घसरगुंडी, एक पेडल नसलेली सायकल. नितीनसोबत बाईही यायच्या, सकाळच्या एसटीने, मांडीवर डबा घेऊन. पण हुकमात नाव फक्त बापाचं. तिथल्या समुपदेशक ताई भल्या होत्या. त्या माझ्याकडे कागद घेऊन आल्या, आईची लेखी संमती असेल तर आजीला आत सोडता येईल. मी म्हटलं, नाही. पहिल्या शनिवारी नाही म्हटलं, तिसऱ्या शनिवारीही नाही म्हटलं. बाईंनी हुज्जत घातली नाही. डबा आत पाठवला आणि बाहेरच्या बाकावर दोन तास बसून राहिल्या. त्यानंतरच्या खेपेला सई शिपायाच्या हाताखालून निसटली आणि धावत जाऊन आजीच्या मांडीवर चढली. सगळा व्हरांडा बघत होता. मी कागदावर सही केली. मोठ्या मनाने केली असं सांगायला आवडलं असतं, पण लोक बघत होते म्हणून केली. आत गेल्यावर बाईंनी आधी खेळण्यांवरून नजर फिरवली. "आमच्या अंगनवाडीत बी याच्याहून बरे खेळणे व्हते," त्या समुपदेशक ताईंना म्हणाल्या. पुढच्या खेपेला येताना त्यांनी चिंध्यांचे चार चेंडू शिवून आणले.

केस चालू राहिली. एक वर्ष गेलं, दुसरं लागलं. मग आम्ही दोघांनी जे केलं त्याला आज हसता येतं. उन्हाळ्यात कोर्टाने सईला पंधरा दिवस अकोल्याला पाठवायला सांगितलं. त्या पंधरा दिवसांत नितीनने तिचं नाव तिथल्या एका शाळेत पहिलीत घातलं, गणवेशाचं मापही दिलं. मुलीचं शिक्षण आपल्याकडे सुरू झालंय असं दाखवलं की ताब्याचं पारडं जड होतं, असं त्याला कोणीतरी सांगितलेलं. मलाही माझ्या वकिलांनी तेच सांगितलेलं. मी त्याच आठवड्यात तिचं नाव अमरावतीत घातलं. मी शिक्षिका. दर जूनमध्ये पालकांना कंठशोष करून सांगते, लेकराचं नाव दोन ठिकाणी घालू नका, ऑनलाइन नोंदणीत घोळ होतो. पावसाळ्यात तारीख आली. दोन्ही वकिलांनी उठून, एकामागून एक, मोठ्या रुबाबात, सईचं बोनाफाईड प्रमाणपत्र दाखल केलं. जजबाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, चष्मा खाली केला. "मुलगी एकच आहे ना? की जुळ्या आहेत?" कोर्टात हशा पिकला. शिपाईसुद्धा हसला. "दोन शाळा, दोन गणवेश, दोन हजेरीपट," जजबाई म्हणाल्या. "दोघंही शिकलेले दिसता." मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मग त्यांचा आवाज बदलला. "पुढच्या तारखेला मुलीला आणा. मी तिच्याशीच बोलते चेंबरमध्ये." मागच्या बाकावर बाई बसल्या होत्या. त्या एकट्याच हसल्या नव्हत्या.

"तयारी करून घ्या," माझे वकील जाता जाता म्हणाले. तयारी म्हणजे काय ते मला सांगायची गरज नव्हती. पोरांकडून कविता पाठ करून घेण्यात माझी हयात गेली. रोज सकाळी सईच्या वेण्या घालताना मी विचारायची, "जजबाईंनी विचारलं कुणाजवळ राहायचं, तर काय सांगशील?" "आईजवळ." "का?" "आई अभ्यास घेते, आई गोष्ट सांगते." छान म्हणायचं आणि रिबीन बांधायची. रविवारी नितीनचा व्हिडिओ कॉल यायचा. मी दाराआडून ऐकायची. तिथे तोच प्रश्न आणि 'बाबाजवळ' हे उत्तर. मुका माणूस, पण तेवढ्यापुरती त्यालाही वाचा फुटली होती. सई दोन्ही उत्तरं न चुकता द्यायची. हुशार पोर. फक्त ती वेणीचं टोक चावायला लागली होती, आणि ताटात अर्धं टाकून उठायची. मला ते दिसत होतं. तारीख होऊन जाऊ दे, मग बघू, असं मी मनाला सांगत होते.

तारखेच्या चार दिवस आधी, रविवारी सकाळी, साईनगरातल्या आमच्या घरापुढे ऑटो थांबला आणि बाई उतरल्या. एकट्या. माझ्या आईने दोन वर्षांपूर्वी शपथ घेतली होती, त्या लोकांच्या घरचं पाणी पिणार नाही आणि आपल्या घरचं पाजणार नाही. पण दारात विहीण दिसताच तिचा हात आपोआप पदराकडे गेला, पदर डोक्यावर आला आणि तोंडातून निघालं, "या, विहीणबाई." आईने सतरंजी टाकली, तांब्या-पेला आणून ठेवला. बाई बसल्या, पण पाण्याला हात लावला नाही. "पानी नाई घेत मी," त्या म्हणाल्या. "मी रुसून राहिली."

बाई शांतपणे म्हणाल्या, "लग्नात रुसाचा मान व्हता माहा. तवा रुसली नाई. थो रुसवा राखून ठेवला व्हता, थो आज काढला. काढा आता माही समजूत." आणि भिंतीकडे तोंड फिरवून बसल्या. दुसरं कोणी असतं तर हसलं असतं. माझी आई हसली नाही. ती खरोखर उठून आत गेली आणि कपाट उघडल्याचा आवाज आला. बाईंनी तिथूनच सांगितलं, "लुगडं नोको, विहीनबाई. माहं मांगनं येगयं हाय." मग तोंड न वळवता, भिंतीशीच बोलल्यासारखं, त्यांनी सांगितलं. मागच्या शनिवारी त्या खोलीत सईने त्यांच्या कानात विचारलं होतं, "आजी, मी असं कोणाचं नाव सांगू की कोणी रडणार नाही?"

आई दारातच खाली बसली. मी... मी काय केलं ते नीट आठवत नाही. कोणीतरी गालफडात मारावी तसं झालं एवढं आठवतं. बाई म्हणाल्या, "तीस वर्सं लेकरं सांभायली मी. लेकरू रडलं तं त्याले इचारू नये, तुले माय पाह्यजे का बाप. आंधी पानी पाजावं. तुमी दोघं शिकले-सवरले, त्या पोट्टीले रोज इचारून राहिले." मग त्यांनी मागणं सांगितलं. सई माझ्याजवळ राहील. नितीन तसं लिहून देईल. मी दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला अकोल्याला पाठवायची, शिपाई आणि समुपदेशक यांच्या देखरेखीविना, मोकळ्या मनाने. आणि चेंबरमध्ये जायच्या आत दोघांनी तडजोडीवर सह्या करायच्या, म्हणजे पोरीला काही विचारायचं कारणच उरणार नाही.

नितीनवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी म्हटलं, "आणि सुट्टीत नेलेली परत पाठवलीच नाही तर? तेव्हा मी कुणाच्या तोंडाकडे बघू?" बाईंनी आता माझ्याकडे तोंड केलं. "मी आनून देईन. माह्या हातानं. माहा जिता जीव हाय तवलोक सई या दारात मी आनून देईन. हे माहं बोलनं." मी म्हटलं, "तुमचा मुलगा ऐकेल?" "घरात बी दोन दिवस झाले रुसूनच हाय. चूल नाई पेटवली. काल 'हो' म्हनला." माझी जीभ तरी गप्प बसेना. "तुमचा मुलगा आहे म्हणून तुम्ही त्याची बाजू..." त्यांनी मला पुरं करू दिलं नाही. "माहा हाय म्हूनच तं त्याच्यापासून मांगून घेतलं, शुभा. दुसऱ्याच्या पोराले कोन मांगते?"

तरी मी तासभर वाद घातला. सई शेजारच्या घरी खेळायला गेली होती, तिचा आवाज ऐकू येत होता. उकडत होतं. बाई घामाने भिजल्या, पण पाण्याला शिवल्या नाहीत. शेवटी आई उठली. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्यावर ओरडली. "शुभा, विहीण उपाशी बसली आहे माझ्या दारात. तुझं कोर्ट तिकडे. या घरात अजून मी आहे!" मी मान हलवली. हो म्हटलं. बाईंनी तांब्या उचलला आणि घटाघटा रिकामा केला. मग पदराने तोंड पुसून विचारलं, "काय केलं व जेवाले? वांगे? तिखट हाय ना?" त्या दिवशी दोन्ही विहिणी एका पंगतीला बसल्या आणि सई दोघींच्या मध्ये.

तारखेला आम्ही समुपदेशक ताईंसमोर तडजोडीच्या कागदावर सह्या केल्या. अर्जातले सगळे आरोप मागे घेतले. तरीही जजबाईंनी सईला आत बोलावलं, एकटीला. नितीन, मी, आई आणि बाई बाहेर एकाच बाकावर बसलो होतो. दहा मिनिटांनी सई हातात बिस्किट घेऊन बाहेर आली. "त्यांनी मला ते विचारलंच नाही!" ती म्हणाली. चेहरा असा की मी तिला दोन वर्षांत तसं बघितलं नव्हतं. "मग काय विचारलं?" "शाळा कोणती आवडते ते. मी म्हटलं, एकच पुरे." नितीन हसला. मीही हसले. आमच्या लग्नातलं शेवटचं एकत्र हसणं ते.

बाईंनी शब्द पाळला. सात वर्षं, दर दिवाळीला आणि दर उन्हाळ्यात, सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी त्या सईला घेऊन यायच्या. गुडघे दुखायला लागले, मोतीबिंदू झाला, तरी एसटीच्या पायऱ्या चढून यायच्या. नितीन गाडीने सोडतो म्हणाला तरी नाही. "बोलनं माहं हाय, तुहं नाई," असं त्याला सांगायच्या म्हणे. आल्या की माझ्या स्वयंपाकघरात ठाण मांडायच्या आणि नितीनच्या गोष्टी सुरू. त्याला चष्मा लागला. त्याचं पित्त वाढलं. मिलमध्ये त्याचा सत्कार झाला, तर लाजून भाषणच केलं नाही. मला राग यायचा. एकदा मी तोडून टाकलं, "बाई, त्यांचं मला कशाला सांगता?" त्या म्हणाल्या, "तुले कोन सांगून राहिलं? तू कर तुही भाजी. पोट्टी ऐकून राहिली ना." मला वाटलं, म्हातारीचं काहीतरीच. सई अकोल्याहून आली की मांजरीचं सांगायची, आंब्यांचं सांगायची, आजीचं तर किती सांगायची. बापाचं अवाक्षर काढायची नाही. मी ते मनातल्या मनात माझ्या जमेला धरत होते.

तेरवीला मी आणि सई पुन्हा अकोल्याला गेलो. दुपार कलल्यावर मी दोघींच्या पिशव्या भरल्या. सई जवळ आली आणि हळूच म्हणाली, "आई, मी राहू का थोडे दिवस? बाबा एकटा आहे." चौदा वर्षांची पोर. तिला कोणी काही विचारलं नव्हतं. सुट्ट्यांचे दिवस होते, नाही म्हणायला काही कारण नव्हतं, पण मनात एकच... आता आणून कोण देणार? जिता जीव आहे तोवर, एवढाच तो शब्द होता, आणि जीव तर गेला. नितीन अंगणात मांडवाच्या बल्ल्या मोजून देत होता. त्याने ऐकलं असावं. त्याने वर पाहिलं नाही. "पंधरा दिवस," मी सईला म्हटलं आणि एकटी निघाले. मूर्तिजापूर येईपर्यंत मी रडत होते, आणि ते रडणं नुसतं बाईंसाठी नव्हतं, हेही लिहून टाकते.

ते पंधरा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. सईचा फोन रोज यायचा, दोन मिनिटांचा, 'जेवलीस का, झोपलीस का' एवढाच. तेराव्या दिवशी मी वकिलांचा नंबर काढून ठेवला. आईने बघितलं आणि म्हणाली, "ठेव तो फोन खाली. विहिणीने काय उगाच उपास काढला का आपल्या दारात?" पंधराव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला ऑटो थांबला. आधी सई उतरली, मग तिची बॅग घेऊन नितीन. नऊ वर्षांत तो या फाटकाशी कधी आला नव्हता. केस बरेच पांढरे झालेत. बॅग आत ठेवून तो पुन्हा फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. "आनून दिली," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, "आत या, ऊन आहे." तो म्हणाला, "साडेबाराची गाडी हाय," आणि त्याच ऑटोत बसला. जाताना त्याने सईकडे पाहून हात हलवला, आणि आई पाणी घेऊन बाहेर येईपर्यंत ऑटो वळणावर गेला होता.

मी पोळ्या लाटत होते. सई हातपाय धुऊन ओट्याला टेकून उभी राहिली. मांजरीचं सांगून झालं. कूलर बिघडला होता, तेही सांगून झालं. मग ती गप्प झाली. याच वेळी एरवी या स्वयंपाकघरात बाईंचा आवाज सुरू व्हायचा. आता बापाचं सांगणारं कोणी नव्हतं, आणि सईला ते माहीत होतं. म्हणून ती गप्प होती. सात वर्षं बाई कोणासाठी बोलत होत्या, ते मला त्या क्षणी कळलं. मी लाटणं थांबवलं नाही, मागे वळूनही पाहिलं नाही. वळले असते तर बोलता आलं नसतं. म्हटलं, "बाबा कसा आहे?"

मग सईने विचारलं, "खरं सांगू?"

स्वतःच्या आईला लेक विचारते, खरं सांगू का... मी गॅस बंद केला. खिडकीजवळच्या ज्या पाटावर बाई बसायच्या, तो ओढून त्यावर बसले. "सांग," मी म्हटलं, आणि सई बोलायला लागली.